महापुरातून वाचलेली माणसे : सुटकेचा निर्णय नेमका कधी होतो?

कृष्णाकाठ (सांगली)

महापुरातून वाचलेल्या माणसांच्या गोष्टी आपल्याकडे बहुधा शेवटच्या तासापासून सुरू होतात. पाणी पहिल्या मजल्याला लागले, अंधार पडला, कुठून तरी बोटीचा आवाज आला आणि माणसे सुटली, असा त्यांचा ओघ असतो. त्या तासातले धाडस खरे असते आणि बोट घेऊन येणाऱ्यांचे उपकार फिटणारे नसतात. पण ऑगस्ट २०१९ नंतर सांगली, सांगलीवाडी, पलूस आणि वाळवा तालुक्यांतल्या ज्या ज्या लोकांशी मी सविस्तर बोललो, त्यांच्याकडून ऐकलेल्यावरून माझे असे मत झाले आहे की जीव वाचणार की नाही, हे बहुतेक घरांत आदल्या दिवशीच ठरलेले होते. म्हणूनच त्या आदल्या दिवशी काय घडले, घरात कोण काय म्हणाले, कोणी निघायला नकार दिला आणि तो का दिला, हे येथे लिहून काढावे, या हेतूने हा धागा सुरू करत आहे.

सांगलीत पुराची भाषा फुटांत बोलली जाते. १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हेच आपले माप आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. एवढे नेमके माप हाताशी असताना माणसे अडकली कशी, हा प्रश्न बाहेरगावचे लोक नेहमी विचारतात. याचे एक मोठे कारण मला २००५ च्या खुणेत दिसते. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते आणि पूररेषेतल्या अनेक घरांच्या भिंतींवर त्याची खूण जपलेली होती. २०१९ मध्ये पाणी चढू लागल्यावर लोकांनी त्या खुणेकडे पाहून हिशेब मांडला. धान्याची पोती, शिलाई मशीन, कागदपत्रांची पेटी त्या खुणेच्या वर हातभर उंचीवर नेऊन ठेवली आणि स्वतःही तिथेच थांबले. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. दोन पुरांमधला तो जवळपास चार फुटांचा फरक माळ्यावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत कोरड्या पायांनी बसणे आणि छातीभर पाण्यात उभे राहणे यांतला फरक ठरला. आधीच्या पुराने शिकवलेले ज्ञानच या लोकांना घरात अडकवून गेले.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे जे घडले, ते या धाग्यात टाळून चालणार नाही. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचे हे गाव पाण्याने वेढले गेले होते. गावातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती, असे आपण सगळेच म्हणतो आणि ते खरेच आहे. मात्र त्या दिवशी नावेत चढलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. चहूकडे पाणी, पाणी अजून चढते आहे, पुढची फेरी होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही आणि आपले अर्धे कुटुंब आधीच नावेत बसले आहे. अशा वेळी काठावर थांबून राहणारा माणूस विरळाच. म्हणून नावेत किती माणसे बसली हा प्रश्न विचारताना, रस्ता उघडा होता तेव्हा गाव रिकामे का झाले नाही, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा, असे मला वाटते. हा ठपका मी गावकऱ्यांवर ठेवत नाही. रस्ता अजून उघडा आहे, पण उद्या राहणार नाही, हे त्यांच्या दारात जाऊन सांगणारी आणि जनावरांसह त्यांची सोय लावणारी व्यवस्था किती ठिकाणी होती, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. मृतांची किंवा वाचलेल्यांची नावे कृपया लिहू नयेत.

---

येरळेची लेक (भिलवडी परिसर)

दादा, तुम्ही विषय काढलात ते बरे केले. रस्ता उघडा असताना माणसे का निघत नाहीत, याचे आमच्या भागातले उत्तर गोठ्यात सापडते.

आमच्या वस्तीवर तेव्हा प्रत्येक दारात दोन-चार जनावरे होती. गाभण म्हैस ही केवळ मायेची गोष्ट नसते. दुधाचे बिल हेच घरातले एकमेव नियमित उत्पन्न असते आणि चांगल्या म्हशीची किंमत लाखाच्या घरात जाते. सरकारी माणूस येऊन "शाळेत चला" म्हणतो, तेव्हा त्या शाळेत म्हशीला जागा आहे का, वैरण आहे का, हे तो सांगत नाही. म्हणून बायका-मुलांना पुढे पाठवायचे आणि कर्त्या पुरुषाने जनावरांपाशी थांबायचे, अशी वाटणी होते. मग बायकाही नवऱ्याला एकटे सोडून जायला तयार होत नाहीत आणि सगळेच घर थांबते.

आमचे घर निघाले ते माझ्या सासूबाईंमुळे. घरातल्या पुरुषांचे मत सकाळपर्यंत थांबून पाहावे असे होते. सासूबाईंनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी गोठ्यात जाऊन पहिल्या म्हशीचे दावे सोडले, दाव्याचे टोक हाताला गुंडाळले आणि त्या तिला घेऊन तासगावच्या दिशेने चालू लागल्या. बाकीची जनावरे तिच्या मागे निघाली आणि जनावरांच्या मागे आम्ही निघालो. माळावरच्या पाहुण्यांच्या शेडमध्ये आम्ही दिवेलागणीनंतर पोहोचलो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कमरेच्या वर पाणी होते.

ज्यांनी शेवटपर्यंत वाट पाहिली, त्यांच्यापुढे दावे कापावे की नाही हा प्रश्न उरला. बांधलेले जनावर उभ्या जागी बुडते आणि मोकळे सोडलेले जनावर कधी उंचवट्याला लागते, कधी वाहून जाते. हातात विळा घेऊन असा निर्णय घेतलेल्या एका शेजाऱ्याला मी ओळखते आणि त्याविषयी ते आजही बोलत नाहीत. जनावरांची छावणी आधी उघडली, तर माणसे आपोआप बाहेर पडतील, हे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेले, तेव्हा आमच्या भागातली पुष्कळ घरे जनावरांसह आधीच निघालेली होती.

---

गावभागकर (सांगली)

ताईंच्या गोठ्याच्या जागी शहरात कुलूप असते.

गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक या भागांत जे लोक मागे थांबले, त्यांपैकी अनेकांना पाण्यापेक्षा चोरीची भीती अधिक होती. वीज बंद, रस्ते निर्मनुष्य, घराला फक्त एक कडी, आणि आत आयुष्यभराची कमाई, अशी ती स्थिती होती. त्यातच बंद घरे फोडली जात असल्याच्या बातम्या आणि अफवा एकत्रच पसरत होत्या. त्यांतले खरे किती आणि खोटे किती, हे अंधारात माळ्यावर बसलेल्या माणसाला तपासता येत नाही. आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरातला एक पुरुष "राखणीला" थांबला होता. पाणी चढत गेले तसे हे सगळे वरच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर गेले. त्यांना सोडवायला पुढे बोटींना अरुंद गल्ल्यांत शिरावे लागले, जिथे पाण्याखाली दुचाक्या, हातगाडे आणि दुकानांच्या पायऱ्या होत्या.

राखणीला थांबलेल्यांचे हाल पुराच्या पाण्याने जितके झाले, त्याहून अधिक पिण्याच्या पाण्यावाचून झाले. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. पावसाचे पाणी पातेल्यात धरून काहींनी दिवस काढले. भ्रमणध्वनी बंद पडल्यावर घरचे लोक बाहेर जिवाच्या आकांताने चौकशी करत फिरत होते, आणि आतल्या माणसाला मात्र आपला शोध चालू आहे याची कल्पनाही नव्हती. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी समोरच्या गच्चीवरच्या लोकांशी दोरी बांधून पिशवीतून गोळ्यांची देवाणघेवाण केल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

यावर उपाय नाही असे नाही. रिकाम्या केलेल्या वस्तीत पोलिसांची बोट दिवसातून ठरावीक वेळा फिरेल, हे लोकांना घर सोडण्यापूर्वी सांगितले गेले आणि तसे घडताना दिसले, तर राखणीला थांबणाऱ्यांची संख्या नक्कीच घटेल. बंदोबस्त हा पूरनियंत्रणाचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

कोयनाखोरे (पाटण)

सर्वांचे लेखन लक्षपूर्वक वाचले. मात्र मूळ धाग्यातल्या विधानाला आमच्या तालुक्याच्या अनुभवाची मर्यादा घालावी लागेल, म्हणून लिहितो. सांगलीकरांना पाणी येताना दिसते. कोयनेतून विसर्ग वाढल्यावर ते पाणी सांगलीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, कऱ्हाडच्या संगमावरचे आकडे कळतात, पूल आहे, फूटपट्टी आहे. आमच्याकडे जुलै २०२१ मध्ये डोंगर खाली आला, त्याला कोणतीही फूटपट्टी नव्हती.

२२ जुलैच्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि माणसे घरांसह गाडली गेली. रस्ते तुटल्यामुळे मदत पोहोचायलाच फार वेळ गेला. तोवर शेजारच्या वाड्यांतल्या लोकांनी फावडी, पहारी आणि हात वापरून चिखल उपसला. ज्यांचे घर दोन वाफे अलीकडे होते ते वाचले आणि ज्यांचे पलीकडे होते ते गेले. येथे आदल्या दिवशीचा निर्णय कोणता म्हणावा?

माझी आजी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची हकीकत सांगत असे. पहाटे चार वाजून गेल्यावर तो धक्का बसला, तेव्हा थंडीमुळे सगळे घरात दारे लावून झोपलेले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर जड छप्पर, अशी घरे होती. तशी घरे मजबूत समजली जात, आणि त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. आजी वाचली, कारण ती म्हशीला पेंड घालायला उठून परड्यात गेली होती. यात तिचे शहाणपण नव्हते आणि ती तसे कधी म्हणालीही नाही.

तरीही दरडीच्या बाबतीत काही खुणा असतात, हे मान्य करतो. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे आणि विजेचे खांब कलणे, घराचे दार अचानक चौकटीत अडकू लागणे, नेहमी स्वच्छ असणारा झरा एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, या खुणा जुनी माणसे ओळखत असत. पण भर पावसाच्या रात्री त्या पाहायला बाहेर कोण जाणार? म्हणून अशा वाड्यांसाठी आषाढातच तात्पुरते स्थलांतर करणे आणि पुढे कायमचे पुनर्वसन करणे एवढाच मार्ग उरतो. तो निर्णय एकटे घर घेऊ शकत नाही, कारण जमीन लागते आणि जमीन सरकारने द्यायची असते.

---

कृष्णाकाठ (सांगली)

कोयनाखोरे, आपण घातलेली मर्यादा योग्य आहे आणि ती मी मूळ लेखनाला जोडून वाचावी अशी सर्वांना विनंती करतो. भूकंपाविषयी माझे विधान लागू होत नाही. दरडीच्या बाबतीत मात्र आपण सांगितलेल्यावरून मला असे दिसते की निर्णयाची वेळ आदल्या दिवसाऐवजी आदल्या उन्हाळ्यात जाते आणि तो घेणारा बदलतो. आंबेघरच्या माणसाला "तू का निघाला नाहीस" असे विचारणे अन्यायाचे ठरेल, आणि त्याला पर्यायी जागा वेळेत का मिळाली नाही, हे विचारणे आपले कर्तव्य ठरेल.

येरळेची लेक यांच्या सासूबाईंची हकीकत वाचून एक गोष्ट ठळकपणे जाणवली. मी ज्या घरांची माहिती घेतली, त्यांत वेळेवर निघालेल्या घरांपैकी बऱ्याच घरांत निघण्याचा आग्रह धरणारी व्यक्ती घरातली वयस्कर स्त्री होती. पुराची आठवण पुरुष फुटांत सांगत होते आणि त्या स्त्रिया मात्र पुरानंतर घर कितव्या दिवशी नांदते झाले, यावरून ती सांगत होत्या.

होड्यांविषयी कोणी जाणकार लिहील का? ब्रह्मनाळनंतर आपल्याकडे बोटी वाढल्या आहेत, पण त्यांत बसायचे कसे हे किती जणांना ठाऊक आहे, याची मला काळजी वाटते.

---

औदुंबर घाट (पलूस)

दोन्ही महापुरांत बोटीवर काम केले आहे, म्हणून लिहितो.

पुराच्या पाण्यातली नाव नदीतल्या नावेसारखी चालत नाही. खाली उसाचा फड असतो, द्राक्षबागेच्या तारा असतात, कुंपणाच्या भिंती आणि झाडांचे शेंडे असतात. गढूळ पाण्यात यांतले काहीच दिसत नाही. नाव कशाला तरी अडकते आणि प्रवाह तिला मागून ढकलतो, तेव्हा ती एका बाजूला झुकते. नाव झुकताच घाबरलेली माणसे उठून दुसऱ्या बाजूला धावतात आणि तिथेच घात होतो. उभ्या माणसाचे वजन नावेला वरच्या अंगाला जड करते. नाव तिरकी झाली तरी सगळे खाली बसून राहिले, तर ती बहुतेक वेळा सावरते. म्हणून बोटीत चढताच मी सर्वांना तळाशी बसवतो, काठावर कोणालाही बसू देत नाही आणि काहीही झाले तरी माझ्या शब्दाखेरीज उठायचे नाही, असे बजावतो. माणसांना त्या क्षणी हे कठोर वाटते, तरीही मी ते सोडत नाही.

दुसरी गोष्ट गाठोड्यांची. लोक कपड्यांचे बोचके, पितळी भांडी, कधी देवघरातली मूर्ती कवटाळून येतात. त्यांना नाही म्हणणे फार जड जाते. परंतु लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळायला दोन्ही हात मोकळे असावे लागतात. सैल जॅकेट घालून पाण्यात पडलेल्या मुलाच्या अंगातून ते वर निघून जाते आणि मूल खाली राहते. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर पट्टा पुन्हा बांधावा.

बोट पोहोचत नाही तेव्हा आमच्याकडे गुळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई, वापरतात. लहानपणापासून पाहिले आहे. ती तरते हे खरे, पण तिला पुढचे तोंड नसते, त्यामुळे ती प्रवाहात गरगर फिरते आणि वल्ह्याने दिशा देता येत नाही. संथ पाण्यात, दोन्ही काठांवरून दोरी धरलेली असताना, लहान मूल किंवा आजारी माणूस नेण्यासाठी तिचा उपयोग होतो. मुख्य धारेत ती घालणे म्हणजे जीव पणाला लावणे आहे.

पोहणाऱ्यांनाही एक सांगतो. ज्याला घाटावर उत्तम पोहता येते, तोच पुरात अधिक धोका पत्करतो. पाणी धारेच्या विरुद्ध कापता येत नाही. धारेबरोबर तिरके जात काठ गाठायचा असतो, पाय पुढे ठेवायचे असतात, म्हणजे ओंडका आधी पायाला लागतो. कृष्णेत मगरी आहेत हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. पुरात त्या शेतांत, ओढ्यांत येतात, त्यामुळे पाणी उतरू लागल्यावर चिखलातून घराकडे धावत जाणाऱ्यांनीही सावध असावे. पाणी उतरताना भिंती पडतात आणि सापही घरात असतात, हे लोक सुटकेच्या आनंदात विसरतात.

---

येरळेची लेक (भिलवडी परिसर)

दादा, जॅकेट वर ओढून पाहण्याची गोष्ट मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगेन. बोट गावात येऊन पोहोचण्यापूर्वीच, एखाद्या कोरड्या दिवशी, बायका-मुलांना ती घालायला शिकवता येईल का? आपण येणार असाल, तर शाळेचे मैदान मिळवण्याची जबाबदारी माझी.

---

औदुंबर घाट (पलूस)

अवश्य येईन, ताई. जून लागण्यापूर्वीचा कोणताही रविवार चालेल. मुलांच्या मापाची जॅकेट वेगळी असतात, ती मी सोबत आणतो. त्या दिवशी गावातले दोन-तीन तरुणही बोलवावेत, कारण दोरी फेकण्याचा सरावही करता येईल.

---

संगमकाठ (हरिपूर)

एक माहिती जोडतो, कारण या धाग्यात आयर्विनच्या फुटांचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला आहे आणि त्यावरच विसंबून राहणे आमच्या बाजूला धोक्याचे ठरते. वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरजवळ, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला. वारणेचे पाणी जोरात असले की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे तुंबते. अशा वेळी कोयनेचा विसर्ग कमी झाल्याची बातमी येते, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पाणी मात्र चढतच राहते. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाविषयीही दर पुरात वाद होतो. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे कारण अलमट्टी नसल्याचा निष्कर्ष दिला होता, तरी आमच्या भागातल्या अनेकांना तो पटलेला नाही. तो वाद जाणकारांनी लढावा. घर सोडायचे की नाही हे ठरवताना मात्र कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी हे तिन्ही आकडे एकत्र पाहावेत.

आमच्या गल्लीत २०१९ नंतर आम्ही आपसांत असे ठरवले आहे की पातळी ३५ फुटांवर गेली की जनावरे आणि अंथरुणाला खिळलेली माणसे हलवायची, आणि इशारा पातळीची वाट न पाहता ३८ ला उरलेल्या सर्वांनी निघायचे. २०२१ मध्ये हे पाळले गेले. दोन घरांनी नकार दिला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या दारात जाऊन त्यांचे सामान स्वतः टेम्पोत चढवले. त्या पुरात आमच्या गल्लीत एकदाही बोट बोलवावी लागली नाही.